भाताचा फोन

जानकीबाई गेल्याचं लाखनीच्या पूल क्लबात कळलं ते स्पर्धेच्या दिवशी. त्यांना जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता.

सामना त्यांच्या नवऱ्याचा, हेमराजचा होता. समोर चंद्रकुमार. जो आधी सात रॅक, म्हणजे सात डाव, जिंकेल तो फायनलला. दोघं सहा-सहावर होते आणि शेवटचा रॅक चालू होता. दीड तासात संपणाऱ्या सामन्याला साडेतीन तास झाले होते. फायनलसाठी तुमसरहून आलेला माणूस बाकावर बसून तिसरा चहा पीत होता. शेवटी क्लबाचे मालक यादोराव, तेच पंच, त्यांनी सांगून टाकलं की फायनल उद्या. हा रॅक झाला की शटर.

"लगेच?" हेमराजनं विचारलं.

"लगेच जी. साडेतीन तासांपासून उभा आहो मी. पाय पाहा माझे."

टेबलावर तीन गोळे होते. सात, आठ आणि नऊ. याच क्रमानं ते पॉकेटात घालायचे, आणि नऊ घालेल त्याचा रॅक. पाळी हेमराजची. तो शॉटसाठी वाकला, पुन्हा उभा राहिला. क्यूच्या काठीच्या टोकाला चॉक लावला. टेबलाला एक चक्कर मारली आणि पुन्हा चॉक लावला.

धानाच्या गिरणीवरचा हा साठीचा मिस्त्री असा खेळत नसे. क्लबात सगळ्यात भरभर तोच खेळायचा. शेवटचे तीन गोळे राहिले की खिशातून फोन काढून घरी सांगायचा, "टाक भात." मग तिन्ही गोळे घालायचा आणि मोपेडला किक मारायचा. गाव वीस मिनिटांवर. भातालाही तेवढाच वेळ. त्याचा फोन झाला की समोरचा आपला क्यू पिशवीत भरायला लागे.

"काका, तीनच राहिले," चंद्रकुमार म्हणाला. "भाताचा फोन नाही करत का जी?"

बाकावरचे हसले. हेमराजचा हात शर्टाच्या खिशापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"नाही," तो म्हणाला.

"काहून? काकूनं जेवण बंद केलं का तुमचं?"

पुन्हा हशा झाला. हेमराजही थोडा हसला. मग त्यानं परत चक्कर मारली.

चंद्रकुमारनं क्यू जमिनीवर टेकवला. "यादोभाऊ, मले घड्याळ पाहिजे."

हसणं थांबलं. समोरचा फार वेळ लावत असेल तर घड्याळ मागता येतं, हे भिंतीवरच्या कागदावर लिहिलेलं होतं. पण या क्लबात वडीलधाऱ्या माणसावर अजून कोणी ते मागितलं नव्हतं.

"चंदू, काकाच्या वयाकडे तं पाहा," यादोराव म्हणाले.

"साडेतीन तास पाहूनच राहिलो."

"लावा," हेमराज म्हणाला. "हक्क आहे त्याचा."

यादोरावांनी टेबलाच्या कडेला घड्याळ ठेवलं. शॉटला तीस सेकंद. वेळ संपली की फाऊल, आणि मग समोरचा पांढरा गोळा हवा तिथं ठेवून खेळणार. हेमराजनं सात नंबर घातला तेव्हा चार सेकंद उरले होते. आठ नंबरला त्यानं रॅकमध्ये एकदाच मिळणारा जादा वेळ मागून घेतला, तोही सगळा वापरला, आणि गोळा घातला.

नऊ नंबर कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडावर होता. पांढरा त्याच्या सरळ रेषेत. शिकाऊ पोरानंही घातला असता.

घड्याळ चालू झालं. हेमराज क्यू धरून उभा राहिला. वाकला नाही.

"वीस," यादोराव म्हणाले.

चंद्रकुमार कंटाळला होता. "काका, घाला ना जी. मी हरलो, मान्य आहे. जा घरी. काकू वाट पाहून राहिली असन."

"नाही पाहत," हेमराज म्हणाला. "गेली. नागपूरले, पोरीकडं. दीड महिना झाला."

आधी कोणाला कळलंच नाही. मग त्याच्या तोंडाकडे पाहून कळलं, की जानकीबाई तिथंच वारल्या.

घड्याळ दहा सेकंदांवर वाजायला लागलं. दर सेकंदाला एक टिक. आता वेळ संपली असती, तर तो नऊ नंबर चंद्रकुमारचा होता आणि फायनलही. चंद्रकुमारच पुढे झाला. घड्याळ हातात घेऊन त्यानं बंद केलं आणि यादोरावांकडे दिलं.

"सांगतलं काहून नाही जी?" यादोराव म्हणाले. "आमाले वाटलं, गिरणीचा सीझन आहे, म्हणून येऊन नाही राहिले."

"आज सांगणार होतो. दारात पाय ठेवला, तं तुमी भाताच्या फोनाचं बोलून हसले." हेमराजनं चॉक उचलला. "मग नाही सांगतलं."

तुमसरच्या माणसानं चहाचा ग्लास खाली ठेवला. चंद्रकुमार बाकावर जाऊन बसला, क्यू मांडीवर आडवा घेतला.

"घ्या टाईम, काका," तो म्हणाला.

हेमराजनं चॉक लावला. टेबलाला एक चक्कर मारली, मग आणखी एक. बाहेर हायवेवर ट्रकांचे दिवे लागले. यादोरावांनी शटरची दांडी हातात घेतली होती, ती परत कोपऱ्यात उभी केली.

नऊ नंबर टेबलावरच होता. घरी भात आता त्यालाच टाकायचा होता.