डावं चाक

गॅरेजच्या मिस्त्रीनं पिकअपच्या पुढच्या चाकामागून काढलेला शॉकअप आमच्या यांच्यासमोर धरला. तेल गळून तो पार बसला होता.

"उजवी बाजू ठणठणीत आहे, दादा. डावीकडचंच सगळं गेलंय. रोज रस्ता सोडून डावं चाक कुठं खाली घालता?"

"नवे भाग टाक," म्हणून हे पैसे मोजू लागले. यांचं नेहमीचंच. आमची नऊ महिन्यांची पोर गेली, तेव्हाही डोळ्यांत टिपूस नव्हतं. लहान लेकरू म्हणून पुरायचं होतं. बायका जात नाहीत, म्हणून मी घरातच राहिले. परत आल्यावर "ओढ्याजवळ, करंजाखाली" एवढंच बोलले आणि दुसऱ्या पहाटे टोमॅटो भरून बाजाराला निघूनही गेले. तो राग अजून माझ्या पोटात होता.

नवे भाग बसवून आम्ही घरी निघालो. गाडी आता खडखडत नव्हती. ओढा आला. सिमेंटच्या रस्त्याची कड तिथं वीतभर उंच होती आणि कडेखाली, करंजाच्या झाडापाशी, एकाच चाकाची चाकोरी पडली होती. तिच्यात गवतसुद्धा उगवलं नव्हतं.

यांनी वेग कमी केला, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा वाढवला.

"थांबा," मी म्हणाले. "गाडी खाली घ्या."

"आत्ताच नीट केलीय. पुन्हा बिघडेल."

"बिघडू द्या."