पाच किलोंच्या आत

पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी भूगोलाच्या सरांना बजावलं, "पाच किलोंच्या वर ओझं उचलायचं नाही." डोंगरांचं वेड आता तरी सुटेल म्हणून बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला, सरांनी मात्र तिचं शिलाई मशीनच ताब्यात घेतलं. तंबू, पांघरूण, सॅक, सगळं पातळ कापडाचं स्वतः शिवायला बसले. वजन करायचं, उसवायचं, पुन्हा शिवायचं; जिवाला म्हणून स्वस्थता नव्हती. बायकोने अबोलाच धरला.

दोन महिन्यांनी तपासणीला गेल्यावर सरांनी भरलेली सॅक डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "चार किलो नऊशे. तंबूसकट!"

"आणि पाणी?" डॉक्टरांनी विचारलं.

सरांचा चेहरा खर्रकन उतरला.

"पाणी मी घेईन," शेजारच्या खुर्चीतून बायको म्हणाली. "तुम्ही शाळेत गेलात की मी माझी सॅक शिवत होते."