दादाची कॅसेट

तळवड्याच्या घरातला माळा आवरताना दीक्षाला बाबांनी ओव्हरटाइम करून आणलेला व्हिडिओ गेम सापडला. बुद्धरत्नदादा गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

"चालू होतो का बघ, नाहीतर भंगारात देऊन टाकू," आई म्हणाली.

टीव्ही नुसता निळा दिसत राहिला. दीक्षाने गेमची कॅसेट काढून, धूळ उडावी म्हणून तिच्या फटीत जोरात फुंकर मारली. लहानपणी दादा हे काम तिला कधी करू द्यायचा नाही. "तू थुंकी उडवतेस, दे इकडे," म्हणायचा.

गेम तरीही लागेना. तिने कॅसेट पुन्हा तोंडाजवळ धरली, श्वास आत घेतला आणि तशीच थांबली.

फटीतून तिच्या ओठांवर कोमट फुंकर आली. अगदी सावकाश, थुंकीचा एक थेंबही न उडवता.