असिस्टंट मॅनेजरचा कोट

"तुझे आई-बाबा आलेत," रूममेट सिंकपाशी येऊन हळूच म्हणाला. "खिडकीजवळच्या टेबलावर बसलेत. बाबा म्हणतायत, असिस्टंट मॅनेजरना बोलवा."

साहेबांच्या हातून पातेलं निसटून साबणाच्या पाण्यात पडलं. साहेब हे रूममेटनेच ठेवलेलं नाव, आणि ते उगाच ठेवलेलं नव्हतं. हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजने दोघांना परदेशात इंटर्नशिपला पाठवलं होतं. रूममेटला टेबलांवर वाढायचं काम मिळालं, साहेबांना भांडी घासायचं. घरी फोनवर मात्र साहेब बघता बघता असिस्टंट मॅनेजर झाले आणि रूममेट झाला त्यांच्या हाताखालचा एक ढ मुलगा. पलंगावर लोळत साहेब थापा मारायचे आणि शेजारच्या पलंगावरचा ढ मुलगा हसू दाबत ऐकायचा.

आता हसू कुणालाच येत नव्हतं. बाबांना खरं कळलं तर शिक्षण बंद, असं साहेबांनी रूममेटला रडवेल्या आवाजात सांगितलं. खरे मॅनेजर बाहेर गेले होते. त्यांचा काळा कोट ऑफिसच्या दारामागे लटकत होता. तो रूममेटने आणून दिला. कुणी पाहिलं असतं तर बिचाऱ्याला त्याच दिवशी सामान आवरावं लागलं असतं. पण मित्र अडचणीत होता ना!

बाबा परदेश सहलीच्या बसमधून उतरून थेट आले होते. बरोबरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून आले होते, की मुलाच्या हॉटेलात जेवायला चाललोय. जणू हॉटेल यांनीच बांधलं. घरी या गृहस्थांनी स्वतःचं ताट कधी उचललं नाही. भाजीत मीठ कमी पडलं की वाटी सरकवायची आणि बायकोकडे न बघता म्हणायचं, "अक्कल गहाण टाकलीस का?" भांड्यांना बाई ठेवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. आई होती.

कोट साहेबांना ढगळ होता. बाह्या हातांवर येत होत्या, ते बरंच झालं. हात पाठीमागे बांधून ते असे काही चालत आले, की बाबांची छाती फुगली. सगळं ठीक आहे ना, साहेबांनी विचारलं. बाबांनी आजूबाजूच्या टेबलांकडे एक नजर टाकली आणि हे दालन केवढं मोठं आहे ते आईला दाखवायला हात पसरला. कोपर लागून पाण्याचा ग्लास आडवा झाला. बाबांची बाही भिजली.

बाबांनी टेबलाशी वाढायला उभ्या असलेल्या रूममेटकडे पाहिलं. ग्लास असा कडेला ठेवतात का, हाच का तुझा तो ढ मुलगा, आणि असली माणसं तू खपवून कशी घेतोस, असं सगळं एका दमात विचारलं. रूममेट फडकं घेऊन वाकला. कुणाचं कोपर लागलं ते त्याने पाहिलं होतं. आईनेही पाहिलं होतं. साहेबांनीही, चांगलं डोळे उघडे ठेवून.

एवढ्यावर "सॉरी" म्हणून भागलं असतं. पण बाबा बघत होते, आणि साहेबांच्या अंगावर कोट होता. त्यांनी पाठीमागचा उजवा हात पुढे काढला आणि रूममेटच्या नाकासमोर बोट नाचवलं.

"अक्कल गहाण टाकलीस का?" साहेब म्हणाले. "पाहुण्यांसमोर उभं राहायची लायकी नाही तुझी. उद्यापासून भांडी घासायची."

टेबल पुसून, फडकं पिळून रूममेट आत गेला. बाबा मात्र असे खुलले, की भिजलेली बाहीसुद्धा विसरले. असा वचक पाहिजे, ते म्हणाले आणि बसमधल्या मंडळींना फोन लावायला बाहेर पडले. दारातूनच त्यांनी मोठमोठ्याने सांगायला सुरुवात केली.

टेबलापाशी आई आणि साहेब उरले. साहेब हात पुन्हा पाठीमागे नेत होते. आईने तो मधेच धरला. कोटाची बाही वर सारली. बोटांची टोकं पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती, नखांच्या कडा साबणाने फुटल्या होत्या. आईने त्यावरून आपला अंगठा फिरवला. मग हात सोडून दिला.

"हात माझ्यासारखे झाले रे तुझे," ती म्हणाली. "तोंड मात्र बापाचंच राहिलं."