अंगणातल्या होड्या

कॉड मासळीचा परवाना बोटीच्या नावावरच राहतो, मग ती वल्ह्याची होडी का असेना. बंदरातल्या एकेकानं धंदा सोडला, तसतसा म्हाताऱ्या ऑरिननं त्याचा परवाना विकत घेतला आणि तो टिकवायला अंगणात एक होडी आणून उपडी घातली. अशा सात झाल्या. ‘अख्खं बंदर गिळलं मेल्यानं,’ म्हणणाऱ्यांत व्हर्ना पहिली. नवरा गेल्यावर तिनंही आपला परवाना त्यालाच विकला होता.

आज बोस्टनच्या बड्या कंपनीचा माणूस ऑरिनच्या घरून निघताना दिसला, तशी ती तरातरा अंगणात शिरली.

“विकलेस ना सगळे परवाने?”

“छे! हाकललं त्याला. पण आता सहाच राहिले.”

“म्हणजे एक दिलासच!”

“दिलाच.” त्यानं हातातल्या ब्रशनं कडेची होडी दाखवली. ओल्या रंगातली उलटी अक्षरं व्हर्नानं मान वाकडी करून वाचली. ‘डेला’. नवऱ्यानं आपल्या बोटीला दिलेलं लेकीचं नाव.

“अलास्का सोडून इथेच मासेमारी करायला येतेय म्हणे पोरगी. परवान्याच्या कागदांवर सही करायला पाठव तिला,” ऑरिन गुरगुरला. “आणि डोळे काय पुसतेस? आधी ही होडी उचल. नऊ वर्षं माझ्या बटाट्यांची जागा अडवून बसलीय.”