टेलरबाईंचं माप

टेलरबाई जिन्याच्या मधल्या वळणावर उभ्या होत्या. अजून बारा पायऱ्या चढल्या की जिमचं काचेचं दार. आजचा सोळावा दिवस. गेले पंधरा दिवस त्या रोज संध्याकाळी इथवर यायच्या, कठड्याला धरून अर्धा तास उभ्या राहायच्या आणि आल्या पावली घरी परतायच्या.

"जाऊन आलीस?" नवरा विचारायचा.

"आले की," बाई म्हणायच्या. म्हटलं तर खोटंही नव्हतं.

तशी हौस कुणाला होती? दिवसाचे आठ तास उभं राहून कापड बेतायचं, हा त्यांचा धंदा. हल्ली तासाभरातच गुडघे संपावर जायचे. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि सांगितलं, "वजन उतरवा, नाहीतर कात्री खाली ठेवा." अठ्ठावीस वर्षं चालवलेली कात्री! त्याच दिवशी त्यांनी जिममध्ये नाव घातलं. तेही फोनवरून, तोंड न दाखवता. पण प्रत्यक्ष जायचं म्हणजे ते चारी बाजूंचे आरसे, त्या सगळ्यांच्या नजरा. आपण त्या धावत्या पट्ट्यावर चढलो, की खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर भूकंप झाला समजून पेशंटला तसंच आ वासलेलं सोडून पळतील, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

आजही त्या परतल्याच असत्या. पण काल जेवताना नवऱ्याने त्यांच्याकडे निरखून पाहिलं होतं.

"फरक पडलाय हं! गाल बघ ना, केवढे उतरलेत. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं मी, जिद्द असावी तर आमच्या हिच्यासारखी."

बाईंनी घाईघाईने पान आवरलं. एक वेळ चार शिव्या परवडल्या असत्या, पण हे कौतुक नको.

त्या बारा पायऱ्या चढल्या. दर पायरीला गुडघ्यांनी कुरकुर केली. देवाचं नाव घेऊन त्यांनी दार ढकललं. दार हलेना. पुन्हा जोर लावून ढकललं. शेवटी आतूनच कुणीतरी उघडून दिलं. ते ओढायचं दार होतं.

ही बायकांची वेळ होती. आत सहा-सात जणी होत्या. सगळ्यांनी वळून पाहिलं आणि बोलणी जिथल्या तिथे थांबली. यंत्रं तेवढी घरघरत राहिली. एकीच्या हातातली पाण्याची बाटली तोंडाशी जाता जाता थबकली. एक सायकलवरून उतरून चक्क खांबाआड गेली. कोपऱ्यातल्या दोघी बाईंना बघताच ओठ घट्ट मिटून ताठ उभ्या राहिल्या. हसू दाबताहेत मेल्या, बाईंनी ओळखलं. त्यांची कानशिलं तापली. चुकून आले, असं म्हणून काढता पाय घ्यावा हे उत्तम.

तेवढ्यात पट्ट्यावरून एक उंच, धिप्पाड बाई उतरल्या आणि तडक त्यांच्याकडे आल्या. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी टेलरबाईंचा दंड धरून त्यांना कपाटामागे नेलं. आठशे मुली ज्या आवाजाला चळचळा कापायच्या, तो आवाज त्यांनी अगदी तळाला नेला.

"टेलरबाई, हात जोडते. माझं माप इथं कुणाला सांगू नका."

"अं?"

"मी यांना कंबर चाळीस सांगितलीय."

एवढ्यात खांबाआडची बाईही आली. पोस्टातल्या बाई. "आणि माझा कोट महिन्यात दोनदा उसवून मोठा केलात, ते तर काढूच नका हो!"

बाईंनी आता खोलीभर नीट नजर फिरवली. ओळखीचे खांदे, ओळखीच्या पाठी. सगळी त्यांचीच गिऱ्हाइकं! आणि कोपऱ्यातल्या त्या दोघी हसू दाबत नव्हत्या. पोट आत ओढून, श्वास कोंडून उभ्या होत्या बिचाऱ्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथं तर अख्ख्या खोलीत टिपूर चांदणं पडलं होतं.

"सोडा गं श्वास," बाई म्हणाल्या. "जीव जाईल."

दोघींनी एकदमच सोडला.

मग ट्रेनर मुलगी वही आणि टेप घेऊन आली. "नवीन ना तुम्ही, मावशी? माप घ्यायचंय. चला, आतल्या खोलीत घेऊ."

बाईंचा चेहरा उतरला. निम्म्या गावाच्या कमरेला त्यांनी टेप लावली होती. स्वतःच्या कमरेला कधीच नाही. स्वतःचा कपडा त्या जुना कपडा समोर ठेवून, चार बोटं वाढवून, अंदाजानेच बेतायच्या. त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग या सगळ्यांच्या घाबरलेल्या तोंडांकडे पाहिलं. आणि दोन्ही हात वर केले.

"इथंच घे."

मुलीने टेप फिरवली आणि हळूच पुटपुटली, "चव्वेचाळीस."

"मोठ्यानं, पोरी. इतक्या लांबून कुणाला ऐकू येणार?"

"चव्वेचाळीस!"

कुणी हसलं नाही. खालून दातांचे डॉक्टरही पळाले नाहीत. टेलरबाईंनी हात खाली घेतले आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपणही आल्यापासून श्वास कोंडूनच उभ्या होतो.

"एक्केचाळीस," पोस्टातल्या बाई अंग चोरून म्हणाल्या.

"माझी त्रेचाळीस," कोपऱ्यातून आवाज आला. "हिची माझ्याहून जास्त आहे!"

"ए, तू माझं कशाला सांगतेस?"

गलका वाढत चालला. मुख्याध्यापिका शांतपणे पुन्हा पट्ट्यावर चढल्या. त्यांनी घसा साफ केला, आणि आठशे मुलींना गप्प करणाऱ्या त्या आवाजात गरजल्या, "सत्तेचाळीस!"