शर्मिष्ठाचा हात

यांत्रिक हातमोजा पुन्हा अडला. मुतखड्यासाठी पाठीतून मूत्रपिंडाकडे निघालेली सुई जागीच थांबली आणि डॉ. सरदेसायांची बोटं आपोआप ताठ झाली.

"हिचा हात पहिल्यापासून भित्राच," ते पुटपुटले. शर्मिष्ठा लोखंडे त्यांची विद्यार्थिनी. सुई धरायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. आणि आता राज्यातल्या प्रत्येक सर्जनच्या हातमोज्यात तिच्या हाताचं शहाणपण भरलेलं होतं. त्यांच्यासुद्धा!

एक्स-रेवर तर सगळं ठीक दिसत होतं. त्यांनी जोर लावला. हातमोजा ढिम्म हलेना. शेवटी रागारागानं त्यांनी सोनोग्राफी लावली. पेशंट काडीसारखा बारीक होता. अशा माणसांत कधीकधी होतं तसं त्याचं मोठं आतडं मूत्रपिंडाच्या मागे, बरोबर सुईच्या वाटेत आलं होतं. त्यांनी सुई काढून वरच्या बाजूनं नवी वाट धरली. खडा निघाला.

हात धुऊन त्यांनी आधी शर्मिष्ठाला फोन लावला. "तीस वर्षांत माझ्या सुईनं एकदाही आतड्याला भोक पाडलं नाही. मग हातमोजा बनवणाऱ्यांनी त्यात भरायला तुझाच हात का घेतला?"

"म्हणूनच, सर," ती म्हणाली. "माझ्याकडून एकदा पडलं. आतड्यात नळी ठेवून ते भरून येईपर्यंत मी त्या पेशंटच्या उशाशी बसून होते. तेव्हापासून माझा हात तिथं आधीच थांबतो. त्यांना ते थांबणं हवं होतं. तुमच्या हातात ते सापडलं नाही."

फोन ठेवून सरदेसाई हातमोज्याकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणाच्या तरी चुकीचा हेवा वाटत होता.